मन्याडकाठी एक हवाना

पौषातली संध्याकाळ. कंधारजवळच्या आमच्या रानात हुरड्याची आगटी विझत आली होती. शेंगदाण्याच्या चटणीचा तिखटपणा जिभेवरून उतरला, पाणी प्यायलो आणि बाजेवर बसून पार्तागास या क्यूबन ब्रँडची ‘सेरिए दे नंबर ४’ सिगार बाहेर काढली. भाच्यानं स्पेनहून आणलेली. आमच्या कोरड्या थंडीत सिगारचं वरचं पान तडकतं, म्हणून महिनाभर ओल्या स्पंजाच्या सोबतीनं डब्यात जपलेली.

तंबाखू दख्खनला परकी नाही. १६०४च्या सुमारास मुघल दूत असदबेग ती विजापुराहूनच अकबराच्या दरबारी घेऊन गेला. आम्ही मात्र ती चुना लावून मळली. तिचं पान मुरवून, वळून, चवीसाठी धुरात उतरवायचं काम क्यूबानं केलं.

ही सिगार १२४ मिलिमीटर लांब, जवळपास २० मिलिमीटर जाड. बोटांनी हलकेच दाबत गेलो. कुठं गाठ नाही, कुठं पोकळी नाही. पानावर तेलाची मंद झाक. न पेटवता हुंगली तर कडबा साठवलेल्या कोठ्याचा वास आणि मागं किंचित गोडी.

तिचा कस पानाच्या जागेवरून ठरतो. तंबाखूच्या झाडाचं खालचं पान, ‘वोलादो’, जळायला सोपं. मधलं ‘सेको’ वास देतं. शेंड्याकडचं ‘लिहेरो’ सगळ्यात जास्त ऊन खातं. जाड, तेलकट, जोरकस. ते सावकाश जळतं, म्हणून वळणारा कारागीर त्याला गाभ्यात ठेवतो. ढीग लावून पानं मुरवताना आतून तापतात आणि त्यांचा उग्र अमोनिया निघून जातो. लोणच्यासारखंच आहे हे: मुरण्याआधी नुसता तिखटपणा, मुरल्यावर चव.

काडीची ज्योत टोकाला न टेकवता फिरवली. पहिले झुरके मिऱ्याचे. थोडा धूर नाकावाटे सोडला तर डोळ्यांत पाणी आलं. इथं पुष्कळजण फसतात आणि झणका म्हणजेच भरदारपणा समजतात. झणका निकोटिनचा असतो; भरदारपणा म्हणजे धूर गेल्यावरही तोंड चवीनं भरलेलं राहणं.

हा भरदारपणा दुसऱ्या टप्प्यात आला. आधी भाजलेली कॉफी, मग नव्या चपलेच्या चामड्याचा वास. त्यानंतर जे आलं त्याला मला एकच शब्द सापडतो: येसर. धने, डाळी, मसाले तव्यावर खरपूस होताना घरभर जो खमंगपणा पसरतो, अगदी तो. त्याच्या तळाशी काकवीची गडद गोडी. मी झुरके लांबवले, मिनिटाला एकच. राख करडी, घट्ट, दीड पेरापर्यंत न पडलेली. आत लांब, अखंड पानं असल्याची ती खूण.

शेवटच्या टप्प्यात मात्र धूर तापला, कडवटपणानं येसर झाकून टाकलं. तीन बोटं उरली तेव्हा ठेवून दिली. विझवावी लागत नाही, आपोआप विझते.

धूर छातीत ओढायचा नसतो. तरी तोंडाला आणि घशाला अपाय होतोच, म्हणून माझं प्रमाण वर्षाला एक. या वर्षीच्या सिगारची सुरुवात उतावळी, शेवट कडू, आणि मधली वीस मिनिटं मी आजवर चाखलेल्या कुठल्याही सिगारपेक्षा सरस.