वंशवृक्षाचे बोधचिन्ह : एक आक्षेप

केंटकी राज्यात १९९६ साली स्वयंसेवकांनी आरंभिलेल्या वंशावळींच्या संकेतस्थळाची मांडणी कुलवार नसून काउंटीवार आहे. काउंट्या तेथे १२०. अशा कार्यासाठी बोधचिन्ह योजताना वृक्ष सुचणे स्वाभाविक, परंतु सदोष होय. (लहान आकारात पानांचा नुसता डाग होतो, ही गोष्ट वेगळी.) वृक्ष एका मूळपुरुषापासून फुटतो; मध्ययुगीन ख्रिस्ती चित्रांतील जेसीचा वृक्ष असाच आहे. शोधक मात्र स्वतःपासून मागे जातो आणि पिढीगणिक त्याचे पूर्वज दुणावतात. शिवाय १८५० व १८६० च्या जनगणनेत तेथील गुलामांची नोंद बहुधा नावावाचून, मालकाच्या नावाखाली झाली. त्यांच्या वंशजांनी वृक्षाचे मूळ कोठे शोधावे? ती पत्रकेही काउंटीवारच असल्याने काउंटीच्या सीमारेषेत त्या अनामिकांना निदान स्थान मिळते.