हिमप्रलय आणि मंगळावरील मळे

परग्रहाची हवा, उष्णता व पाणी पालटून तो पृथ्वीसारखा वस्तीयोग्य करावयाचा, ही कल्पना आपल्या विज्ञानकथेत आता इतकी रुळली आहे की तिची चिकित्सा करण्याची गरजही कोणास भासत नाही. कथा उघडते तीच मुळी मंगळावरील हिरव्या मळ्यात. हा मळा कोणी पिकविला आणि कशाच्या बळावर, हे कथाकार सांगत नाही, व वाचकही विचारीत नाही. १९४२ साली जॅक विल्यमसन यांनी आपल्या एका कथेत या खटाटोपास ‘टेराफॉर्मिंग’ असे नाव दिले. मराठीत त्यास ‘पृथ्वीकरण’ म्हणावे काय? शब्द कानास गोड नाही. परंतु अर्थ लपवीत नाही, एवढा गुण त्यात आहे.

या कल्पनेशी खरी झुंज घेणारी मराठी कथा मंगळावर घडत नाही, मुंबईत घडते. जयंत नारळीकरांच्या ‘हिमप्रलया’त मुंबईवर बर्फ पडतो. वातावरणातील सूक्ष्म हिमकण सूर्यप्रकाश परतवू लागल्याने पृथ्वी गोठू लागते, आणि अखेर अग्निबाणांनी धातूचे कण आकाशात पसरून तिला पुन्हा ऊब आणली जाते. कथेतील माणसे विचारांची वाहने झाली आहेत, व शेवट घाईने उरकला आहे, हे दोष मान्य केलेच पाहिजेत. मात्र तिचा कणा ताठ आहे. हिमकणांचा हा विचार नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांनी १९८१ च्या ‘आइस’ या ग्रंथात मांडला होता.

कौतुकाची गोष्ट अशी की २०२४ साली काही संशोधकांनी मंगळ तापविण्यासाठी जवळजवळ हाच उपाय सुचविला. मंगळाच्या धुळीतील लोह व अॅल्युमिनियम यांच्या अतिसूक्ष्म सळ्या सतत हवेत सोडल्या, तर तेथील तपमान ३० अंशांहून अधिक वाढू शकेल, असे त्यांचे गणित आहे. मग ‘हिमप्रलय’ मंगळावर नेता येईल काय? येथेच भेद आहे. नारळीकरांच्या कथेत हवा, समुद्र, माती जागच्या जागी आहेत. बिघडला आहे तो केवळ उष्णतेचा ताळेबंद. ती डागडुजीची कथा आहे. मंगळावर हवेचा दाब अवघा सहा मिलिबारच्या आसपास, म्हणजे पृथ्वीच्या एका टक्क्याहूनही कमी. तीही बहुतांशी कार्बन डायऑक्साइडची. गुरुत्वाकर्षण आपल्या ३८ टक्के, आणि सौरवाऱ्यापासून हवेचे रक्षण करणारे सर्वव्यापी चुंबकीय क्षेत्र नाही. जाकोस्की व एडवर्ड्स यांनी २०१८ मध्ये हिशेब मांडला तो असा, की ध्रुवांवरील बर्फ व मातीतील वायू मिळून हाती लागण्याजोगा सारा कार्बन डायऑक्साइड मोकळा केला तरी दाब २० मिलिबारच्या पुढे फारसा जाणार नाही. आमच्या खासबागेतील विणकर सांगेल, उभे धागेच नसतील तर आडवा धागा कितीही फिरवा, कापड होत नाही.

प्राणवायूची कथा याहून निराळी नाही. ‘पर्सिव्हिअरन्स’ या गाडीवरील ‘मॉक्सी’ यंत्राने २०२१ ते २०२३ या काळात मंगळाच्या हवेतून एकूण १२२ ग्रॅम प्राणवायू काढला. एका माणसाच्या एका दिवसाच्या गरजेचा हा जेमतेम सातवा हिस्सा.

‘कल्पित वाङ्मयाला असले हिशेब कशाला?’ असे काही रसिक विचारतील. हे मला पटत नाही. ज्या अडचणीत कथेचा जीव असतो तीच पुसून टाकली, तर उरते ते केवळ नेपथ्य. मंगळाच्या जागी महाबळेश्वर घातले तरी त्या कथेचे काही बिघडत नाही. वर्गात अशी कथा शिकविताना विद्यार्थी ‘श्वास कसा घेतात?’ असे विचारतो, तेव्हा शिक्षकाजवळ उत्तर नसते. कारण लेखकाजवळही ते नव्हते.

मे २०२५ मध्ये नारळीकर गेले. बंदिस्त घरांत जन्मून तेथेच मरणाऱ्या, आणि आपल्या पणतवंडांनाही मोकळी हवा मिळणार नाही हे ठाऊक असूनही यंत्रे चालवीत राहणाऱ्या मंगळवासी माणसांची कथा मराठीत अद्याप माझ्या वाचनात आलेली नाही.