गॅलिलिओचा शेवटचा ग्रंथ आणि पूर्वपक्षाचा मान

शास्त्रीय ग्रंथांच्या नशिबीं एक विचित्र गोष्ट लिहिलेली असते. ग्रंथांतील सिद्धांत खरा ठरला, तर तो क्रमिक पुस्तकांत जातो आणि मूळ ग्रंथ वाचण्याची कोणास गरज वाटत नाहीं. खोटा ठरला, तर वाचण्याचें प्रयोजनच संपतें. काव्यनाटकांचें तसें नाहीं. शाकुंतलाचा सारांश वाचून शाकुंतल वाचल्याचें समाधान कोणी मानीत नाहीं. परंतु पडणाऱ्या पदार्थानें आक्रमिलेलें अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें, एवढें वाक्य पाठ झालें म्हणजे गॅलिलिओ आपणांस कळला, असें आपण खुशाल समजतों. आम्हीही तसेंच समजत होतों. पदार्थविज्ञान शिकविण्यांत पंचवीसांहून अधिक वर्षें घालविल्यावर गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्हीं त्याचा शेवटचा ग्रंथ प्रथमच पहिल्या पानापासून अखेरपर्यंत वाचला. शास्त्राचा इतिहास म्हणून तो महत्त्वाचा आहेच. पण वाङ्मय म्हणूनही त्याचें परीक्षण व्हावें, अशी त्याची योग्यता आहे असें आम्हांस वाटलें.

‘दोन नव्या शास्त्रांविषयीं संवाद आणि गणिती सिद्धता’ अशा अर्थाचें लांबलचक नांव धारण करणारा हा ग्रंथ १६३८ सालीं हॉलंडांतील लायडन येथें एल्झेव्हिर ह्या प्रकाशकांकडून छापला गेला. इटलीच्या ग्रंथकारास हॉलंडचा आश्रय कां घ्यावा लागला, हें सर्वश्रुत आहे. पृथ्वी फिरते ह्या मताचा १६३२ च्या ग्रंथांत पुरस्कार केल्यामुळें पुढील वर्षाच्या जून महिन्यांत रोमच्या धर्मन्यायसभेपुढें गुडघे टेकून त्याला तें मत सोडल्याची शपथ घ्यावी लागली. नंतर फ्लॉरेन्सजवळ आर्चेत्री येथें आमरण स्थानबद्धता आली. १६३४ सालीं वडील कन्या मारिया चेलेस्ते वारली. ग्रंथ छापून झाला तेव्हां चौऱ्याहत्तर वर्षांच्या ह्या म्हाताऱ्याची दृष्टि पूर्णपणें गेलेली होती. इतकें सोसलेल्या मनुष्याच्या लिहिण्यांत कडवटपणा उतरला असता, तर त्यास कोणीं दोष दिला नसता. तो ह्या ग्रंथांत जवळजवळ नाहींच, ही गोष्ट प्रथम नमूद केली पाहिजे.

ग्रंथाची रचना चार दिवसांच्या संवादाची आहे. व्हेनिसच्या जहाजबांधणीच्या कारखान्यांतील कारागिरांकडून विद्वानांस किती शिकतां येतें, ह्या बोलण्यापासून त्याचा आरंभ होतो. पहिले दोन दिवस मुख्यतः पदार्थांच्या बळकटीचा विचार आहे. तुळई किती भार सोसते, प्राणी मोठा झाला तर त्याचीं हाडें प्रमाणाबाहेर जाड कां करावीं लागतात, असे मोठे मनोरंजक प्रश्न त्यांत येतात. तिसरा दिवस पडणाऱ्या पदार्थांच्या गतीचा, व चौथा फेंकलेल्या पदार्थांच्या मार्गाचा. बोलणारीं पात्रें तीन : गॅलिलिओचीं मतें मांडणारा साल्व्हिआती, चौकस व निःपक्षपाती गृहस्थ साग्रेदो, आणि ॲरिस्टॉटलचा अनुयायी सिंप्लिचिओ. पहिलीं दोन नांवें ग्रंथकाराच्या दिवंगत मित्रांचीं आहेत.

आपल्याकडील शास्त्रग्रंथांत आधीं पूर्वपक्ष मांडून मग सिद्धांत सांगण्याची चाल आहे, आणि तिच्यांतील एक दोषही आपल्या परिचयाचा आहे. पूर्वपक्ष कित्येकदां पाडण्यासाठींच उभा केलेला असतो. गवताचा पैलवान करून त्यास चीत केल्याचा मोठेपणा मिरवावा, तसें तें होतें. १६३२ च्या ग्रंथांत गॅलिलिओनेंही हाच दोष केला होता. हींच तीन पात्रें तेथें होतीं, आणि सिंप्लिचिओची तेथें पदोपदीं फजिती होते. वर पोप आठवा अर्बन ह्याचा आवडता युक्तिवाद अखेरीस त्याच सिंप्लिचिओच्या तोंडीं घातलेला! पोपचा रोष ओढवण्यास ही गोष्टही कारण झाली असें मानतात. ह्या दुसऱ्या ग्रंथांतील सिंप्लिचिओ मात्र वेगळा आहे. तो शंका घेतो, पण हटवादानें नव्हे; पटलें म्हणजे मान्य करतो; आपणांस पुन्हां विद्याभ्यास आरंभावयाचा असता तर गणितापासून आरंभ केला असता, असेंही तो पहिल्या दिवशीं मोकळेपणीं सांगतो. आमच्या मतें ह्या ग्रंथाचें मर्म येथेंच आहे. प्रतिपक्षास मान दिल्यानें सिद्धांत दुबळा होत नाहीं, उलट त्यास खरें बळ त्यापासूनच येतें, हें ह्या ग्रंथानें कृतीनें दाखविलें आहे.

पहिल्या दिवसाचेंच उदाहरण घेऊं. जड पदार्थ हलक्यापेक्षां अधिक वेगानें पडतो, हें ॲरिस्टॉटलचें मत. साल्व्हिआती विचारतो कीं, आठ अंश वेगाचा मोठा धोंडा व चार अंश वेगाचा लहान धोंडा एकत्र बांधले तर काय होईल? लहान धोंडा मोठ्यास मागें ओढील, म्हणून जोडीचा वेग आठांहून कमी व्हावा. पण जोडी तर एकट्या मोठ्या धोंड्याहून जड, म्हणून वेग आठांहून अधिक व्हावा. एकाच मतांतून दोन विरुद्ध निष्कर्ष! युक्तिवाद इतका बिनतोड आहे कीं दुसरा लेखक येथेंच थांबता. गॅलिलिओ थांबत नाहीं. प्रत्यक्षांत मोठा गोळा दोन बोटें आधीं जमिनीस लागतो, हें तो आपण होऊन सांगतो, आणि हवेच्या विरोधाचा विचार पुढें चालवितो. त्याचें म्हणणें इतकेंच कीं, माझ्या दोन बोटांच्या चुकीमागें ॲरिस्टॉटलची नव्व्याण्णव हातांची चूक लपवूं नका.

तिसऱ्या दिवशीं ह्याहून मोठी गोष्ट घडते. पडणाऱ्या पदार्थाचा वेग आक्रमिलेल्या अंतराच्या प्रमाणांत वाढत असावा, असें साग्रेदो सुचवितो. हें चूक आहे; वेग काळाच्या प्रमाणांत वाढतो. साल्व्हिआती ती चूक दाखवितो, पण आधीं हेंही सांगतो कीं आमचा ग्रंथकार स्वतः कांहीं काळ ह्याच भ्रमांत होता. हा केवळ विनय नव्हे. १६०४ च्या ऑक्टोबरांत पाओलो सार्पी ह्यास लिहिलेल्या गॅलिलिओच्या पत्रांत ती चूक आजही वाचावयास मिळते. आपल्या कीर्तीचा जो मुख्य आधार, त्या सिद्धांताच्या उंबरठ्यावरच आपण एकदां कसे ठेंचाळलों होतों, हें सांगणारे ग्रंथकार किती सांपडतील?

आणि मग तो प्रसिद्ध प्रयोग येतो. तो ग्रंथांत येतो कसा, हें वाचून आम्ही चकित झालों. साल्व्हिआतीचें गणित ऐकून सिंप्लिचिओ म्हणतो कीं, व्याख्या मान्य केली तर पुढचें सारें पटतें. पण सृष्टींतील पदार्थ खरोखर असेच पडतात कशावरून? एखादा प्रयोग सांगा. साल्व्हिआती रागावत नाहीं. खऱ्या शास्त्रज्ञास शोभेल अशी ही मागणी आहे, असें म्हणून तो तिचा गौरव करतो. म्हणजे अर्वाचीन पदार्थविज्ञानाचा एक आद्य प्रयोग ग्रंथांत आला तो प्रतिपक्षाच्या मागणीवरून! प्रयोगाचें वर्णन साधें आहे. सुमारें बारा हात लांब, अर्धा हात रुंद व तीन बोटें जाड अशी लांकडी तुळई; तिच्या कडेस कोरलेली सरळ खांचणी, गुळगुळीत व्हावी म्हणून आंतून चर्मपत्र लावलेली; तिच्यांतून गडगडणारा पितळी जातीच्या धातूचा घोटीव गोळा. तुळईचें एक टोंक हात-दोन हात उचलावयाचें आणि गोळा सोडावयाचा. वेळ मोजण्यास उंचावर ठेवलेलें पाण्याचें मोठें भांडें व त्याच्या तळाशीं बारीक नळी. गोळा धांवत असतां जमलेलें पाणी सूक्ष्म तराजूंत तोलावयाचें. पाव अंतरास बरोबर अर्धा वेळ लागला. हें पूर्ण शंभर वेळां करून पाहिलें, असें तो सांगतो.

येथें आम्हांस एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वीं हा नियम आम्हीं फळ्यावर लिहून दिला, तेव्हां मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्यानें उठून विचारलें, “सर, त्या वेळीं सेकंद दाखविणारें घड्याळ नव्हतें, मग त्यानें वेळ मोजला कशानें?” आम्हांस उत्तर ठाऊक नव्हतें. तें कबूल करण्याऐवजीं आम्हीं म्हटलें, “हें परीक्षेस येत नाहीं.” वर्ग हंसला, तो मुलगा खालीं बसला, आणि वर्ष संपेपर्यंत त्यानें दुसरा प्रश्न विचारला नाहीं. पाण्याच्या भांड्याचें तें पान वाचतांना आम्हांस त्याची आठवण झाली. सिंप्लिचिओची शंका त्यानें आमच्या वर्गांत विचारली होती. साल्व्हिआतीचें काम मात्र आमच्यानें झालें नाहीं.

ग्रंथाचे दोषही सांगितले पाहिजेत. तिसऱ्या व चौथ्या दिवशीं लॅटिन भाषेंतील प्रमेयांची रांग लागते, आणि संवाद मधून मधून श्वास घेण्यापुरता उरतो. सामान्य वाचकानें तीं पानें चाळून पुढें जावें. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. शंभर वेळां केलेल्या प्रयोगाचा एकही मोजलेला आंकडा ग्रंथकारानें दिलेला नाहीं. नाडीच्या ठोक्याच्या दशांशाइतकाही फरक आला नाहीं, एवढ्यावर तो भागवितो. त्यामुळें विसाव्या शतकाच्या मध्यास अलेक्झांद्र कोयरे ह्या विद्वानानें, असल्या साधनांनीं इतकी अचूकता शक्यच नाहीं असा जोराचा आक्षेप घेतला. आम्हीं वाचलेल्या १९१४ च्या इंग्रजी भाषांतरावरही त्याचा रास्त आरोप आहे. गतीचे गुणधर्म आपणांस आढळले, एवढेंच मुळांत असतां भाषांतरकारांनीं ‘प्रयोगानें’ हा शब्द पदरचा घातला. परंतु १९६१ सालीं टॉमस सेटल ह्यानें तशींच साधनें जुळवून प्रयोग करून पाहिला, आणि वर्णन केलेली अचूकता साधते असें त्यास आढळलें. पुढें स्टिलमन ड्रेक ह्यानें फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयांतील गॅलिलिओच्या हस्तलिखितांतून मोजमापांच्या आंकड्यांचीं पानें १९७३ पासून प्रकाशांत आणलीं. म्हणजे आक्षेपकामुळेंच प्रयोग पुन्हां झाला आणि ग्रंथकाराची बाजू बळावली. सिंप्लिचिओचें कार्य तीन शतकांनंतर कोयरेनें केलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

जातां जातां पिसाच्या मनोऱ्याची गोष्ट. मनोऱ्यावरून दोन गोळे टाकून पंडितांस गप्प केल्याची ती कथा ह्या ग्रंथांत नाहीं. ती व्हिव्हिआनी ह्या शिष्यानें १६५४ सालीं लिहिलेल्या चरित्रांतील आहे, व तें चरित्र छापलें गेलें १७१७ सालीं. आम्हीं ती वर्षानुवर्षें निःशंकपणें वर्गांत सांगितली. तिच्यांत एक शूर पुरुष आहे आणि निरुत्तर झालेले मूर्ख आहेत, म्हणून ती सांगावयास सोपी. ग्रंथांतील गोष्टींत निरुत्तर कोणीच होत नाहीं. तिघे मिळून शोधतात.

ह्या ग्रंथांत प्रमेयें पंडितांच्या लॅटिनांत आहेत, आणि शंका, कबुली व शोध हीं लोकांच्या इटालियनांत. मराठींत शास्त्रीय विषयांवर लिहिणाऱ्यांनीं ही वांटणी ध्यानांत घ्यावी. आम्ही मायभाषेंत निष्कर्ष देतों आणि शंका घरींच ठेवतों; मग वाचक मान डोलावतो व विसरून जातो. निदान पहिल्या व तिसऱ्या दिवसाचें, शंका न गाळतां केलेलें चांगलें मराठी रूपांतर व्हावें, अशी आमची इच्छा आहे. तोंवर इंग्रजी जाणणाऱ्या वाचकांनीं मुलांसह तिसऱ्या दिवसाचीं तीं प्रयोगाचीं पानें तरी वाचावीं. आमच्यापुरतें बोलावयाचें, तर यंदा जूनमध्यें कॉलेज उघडल्यावर नियम फळ्यावर लिहिण्यापूर्वीं त्या मुलाचा प्रश्न आम्ही स्वतःच वर्गापुढें ठेवणार आहों.