चिठ्ठी एक, उपचार दुसरा

मंडळी, आज एका वैद्यकीय चाचणीची चिकित्सा करायची आहे. आम्ही डॉक्टर नाही. आमची पीएचडी तत्त्वज्ञानातली. तेव्हा कंबर कशी बरी करायची हे आम्हाला विचारू नका, व्याख्यान संपल्यावरही नको! पण अमुक पुराव्यावरून तमुक निष्कर्ष निघतो का, हा प्रश्न मात्र आमच्या गल्लीतला आहे.

चाचणीचं नाव 'स्पोर्ट'. ती अमेरिकेतली, डार्टमथच्या जेम्स वाइनस्टीन यांच्या नेतृत्वाखाली झालेली. तिचा अहवाल २००६ साली 'जामा' या नियतकालिकात आला. मणक्यातली चकती सरकून नस दाबली गेलेले, म्हणजे ज्यांच्या पायात कळ जाते असे ५०१ रुग्ण. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची विभागणी झाली: एका गटाला शस्त्रक्रिया, दुसऱ्याला व्यायाम, औषधं, इंजेक्शनं वगैरे.

आणि मग रुग्णांनी चिठ्ठी बाजूला ठेवली. दोन वर्षांत शस्त्रक्रियेची चिठ्ठी निघालेल्यांपैकी ६० टक्क्यांनीच ती करून घेतली. आणि जिथे करायची नव्हती त्या गटातल्या ४५ टक्क्यांनीही केली! आता तुलना कशाची करायची?

शास्त्राचा नियम सांगतो की ज्याची जी चिठ्ठी, त्याच गटात त्याला मोजा. तसं मोजलं तेव्हा दोन्ही गट बरेच सुधारलेले दिसले आणि मुख्य मोजमापांत त्यांच्यातला फरक किरकोळ निघाला. यावरून 'शस्त्रक्रियेचा उपयोग नाही' असं म्हणणं म्हणजे अर्ध्या साखरेचा चहा आणि पाऊण साखरेचा चहा पाजून साखरेला चवच नसते असं ठरवणं. लेखकांनी स्वतःच बजावलं आहे की एवढ्या अदलाबदलीनंतर श्रेष्ठत्वाचा किंवा समानतेचाही निष्कर्ष या पद्धतीने काढता येत नाही. त्यांचा हा प्रामाणिकपणा आम्हाला मोलाचा वाटतो.

मग दुसरी वाट: ज्याने जो उपचार घेतला त्याप्रमाणे मोजा. तसं मोजलं की शस्त्रक्रिया चांगलीच सरस ठरते. इथे आमचा आक्षेप सुरू होतो. उपचार बदलून शस्त्रक्रियेकडे गेलेले कोण होते? ज्यांचा त्रास मुळात जास्त होता आणि ज्यांना तो वाढतोय असं वाटत होतं, ते. दुखणं ऐन भरात असताना जो उपचार कराल त्याच्या पदरात पुढच्या उताराचं श्रेय पडतंच. शिवाय वेदना मोजायची म्हणजे रुग्णालाच विचारायची, आणि आपल्यावर शस्त्रक्रिया झाली हे त्याला पक्कं ठाऊक. चिठ्ठ्या टाकल्या होत्या त्या यातला पहिला दोष टाळण्यासाठी. त्या फाडल्यावर जे उरतं ते निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. निरीक्षणालाही किंमत असते, पण ती प्रयोगाच्या भावाने विकू नये.

म्हणजे दोष रुग्णांचा का? मुळीच नाही. याला तोड म्हणून नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांची २००७ सालची चाचणी बघा. २८३ रुग्ण, सहा ते बारा आठवडे सायटिकाने बेजार. तिथे थांबणाऱ्या गटातल्या ३९ टक्क्यांनी पुढे शस्त्रक्रिया करून घेतली. तरी चाचणी कोसळली नाही! कारण त्यांचा प्रश्नच निराळा होता: लगेच शस्त्रक्रिया करायची, की आधी थांबायचं आणि नाहीच भागलं तर करायची? नंतर शस्त्रक्रिया करणं हा तिथे त्या धोरणाचाच भाग होता. त्यामुळे चिठ्ठीप्रमाणे मोजणं योग्य ठरलं, आणि उत्तर स्वच्छ आलं. वर्षअखेर दोन्ही गटांत ९५ टक्के बरे. मात्र निम्मे रुग्ण बरे व्हायला लगेच शस्त्रक्रियेच्या गटात ४ आठवडे लागले, थांबणाऱ्यांत १२.

बघा, रुग्णांचं वागणं दोन्हीकडे तेच. 'स्पोर्ट'ने उपचाराविषयी विचारलं आणि हाती धोरणाचं उत्तर आलं, तेही मोडकं. लायडनने धोरणाविषयीच विचारलं. आठ आठवड्यांची कळ वाचवण्यासाठी शस्त्रक्रिया करावी का, हे हातावर पोट असलेला हमाल एका तऱ्हेने ठरवील, आमच्यासारखा पेन्शनर दुसऱ्या. आकडे दोघांनाही तेच.

एक खुलासा राहिला. हे सगळं पायात उतरणाऱ्या कळेबद्दल आहे. नुसती कंबर दुखते आणि एमआरआयच्या रिपोर्टात चकती बाहेर आल्याचं लिहिलंय, अशांनी यातला एकही आकडा स्वतःला लावून घेऊ नये. ते रुग्ण या चाचण्यांत नव्हतेच.