तिसरा परिच्छेद : एका वाक्याची समीक्षा

दोस्तांनो, कवितेवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी या वेळी एका सरकारी वाक्यावर लिहितोय. वाक्य १० ऑगस्ट १९५० चं. अनुसूचित जातींची यादी जाहीर करणारा राष्ट्रपतींचा जो आदेश आहे, त्याच्या तिसऱ्या परिच्छेदातलं. माझ्या बोलीत सांगायचं तर असं : यादीत काहीही असो, हिंदू सोडून दुसरा धर्म सांगणाऱ्या माणसाला अनुसूचित जातीचा समजलं जाणार नाही.

हे वाक्य काढलं कशाला, तर आमच्या सूतगिरणीच्या गेटवर पाळी सुटल्यावर एक वाद चालतो. उमेदवाराचा धर्म बघावा का? शिकलेली मंडळी म्हणतात, छे छे, धर्म ही खाजगी बाब, माणूस बघा. पुरावेही देतात. १९६७ ला झाकीर हुसेन राष्ट्रपती झाले, १९८२ ला झैलसिंग. महाराष्ट्रात १९८० ला अंतुले मुख्यमंत्री झाले. घटना राष्ट्रपतीला धर्म विचारत नाही. शपथ घेताना ईश्वराचं नाव घ्या, नाहीतर गांभीर्यानं प्रतिज्ञा करा, दोन्ही चालतं. हे सगळं खरं आहे आणि मला ते मोलाचं वाटतं. ज्या देशात देवाचं नाव न घेता देशाचा पहिला नागरिक होता येतं, त्या देशाचा मीही नागरिक आहे.

पण भाऊ, ही गोष्ट वरच्या मजल्याची. खालच्या दाराशी चला. राष्ट्रपतिभवनाच्या दारावर जो सवाल विचारत नाहीत, तो राखीव मतदारसंघाच्या दारावर विचारतात. म्हणजे ज्याच्याजवळ आधीच सगळं आहे त्याचा धर्म खाजगी, आणि आमचा धर्म कोर्टाच्या टेबलावर.

नागपूरचं उदाहरण घ्या. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत डॉ. डी. पी. मेश्राम तिथल्या राखीव जागेवरून निवडून आले. हरलेल्या बाजूनं अर्ज टाकला, हा माणूस बौद्ध झालाय, ही जागा त्याची नाही. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि निवड रद्द झाली. निकाल १९६५ च्या लॉ रिपोर्टात छापलेला आहे. मी तो वाचनालयात बसून, शेजारी डिक्शनरी उघडून, तीन रविवार वाचला. सगळा खेळ एका क्रियापदावर आहे. धर्म ‘सांगणे’. कोर्ट म्हणालं, सांगणे म्हणजे उघड जाहीर करणे, लोकांना कळेल असं. म्हणजे मनात काय आहे याला महत्त्व नाही. मनात बुद्ध ठेव, खिशात हिंदू असल्याचा दाखला ठेव, खुशाल आमदार हो. मोठ्यानं बोललास की गेलास! ज्यांची तोंडं हजारो वर्षं बंद ठेवली, त्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला पहिल्यांदा लाखांच्या संख्येनं, एका आवाजात, स्वतःचा धर्म स्वतः सांगितला. आणि कायद्याची नेमकी त्या बोलण्यालाच शिक्षा.

आता दुसरं क्रियापद बघा. ‘समजलं जाणार नाही.’ कोण समजणार नाही? कर्ता गायब. सरकार समजणार नाही, ठीक. पण गावचा पाटील? त्यानं आदेश वाचलाय थोडाच! मेश्राम बौद्ध झाले म्हणून विहिरीवर काही फरक पडला का, हे त्या वाक्याला माहीत करून घ्यायचंच नाही. अन्याय करणाऱ्याला धर्मांतर दिसत नाही, फक्त हक्क देणाऱ्याला दिसतं. याला मी वाईट लेखन म्हणतो. कवितेत कर्ता गायब केला तर आपण लगेच विचारतो, बाबा, हे कोण बोलतंय?

याच्या शेजारी दादर ठेवून बघा. १९९० च्या निवडणुकीत मनोहर जोशींनी शिवाजी पार्कच्या सभेत म्हटलं, पहिलं हिंदू राज्य महाराष्ट्रात येईल. त्यांची निवड हायकोर्टानं रद्द केली. डिसेंबर १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती परत दिली. कोर्टानं त्या बोलण्याची निंदा केली, हे नोंदवतो. पण म्हणालं, ही धर्माच्या नावावर मतांची मागणी नव्हे, फार तर आशा आहे. तोवर ते मुख्यमंत्रीही झाले होते. कायद्याची कलमं वेगळी, मला ठाऊक आहे. वकील मित्र नाक मुरडतील. पण मी वकील नाही, वाचक आहे. एकानं आपला धर्म सांगितला तर जागा गेली. दुसऱ्यानं अख्ख्या राज्याचा धर्म सांगितला तर ती आशा झाली.

मग आपण लढलो. राज्य झाल्यावर महाराष्ट्रानं नवबौद्धांना शिक्षण-नोकरीच्या सवलती दिल्या, पण राखीव जागेवर उभं राहायची वाट बंदच होती. ती १९९० ला उघडली, व्ही. पी. सिंगांच्या काळात. वाक्यात ‘बौद्ध’ शब्द आला. शीख १९५६ लाच आले होते. आता वाक्य वाचतं : हिंदू, शीख किंवा बौद्ध.

आणि इथं मला आपल्याच माणसांशी भांडायचंय. आपला शब्द वाक्यात बसला आणि आपण वाक्याबद्दल बोलायचं थांबलो. वाक्य तर अजून तसंच आहे! त्यात ख्रिस्ती नाही, मुसलमान नाही. आमच्या रिंगफ्रेमला एक जण आहे, मूळ जालन्याकडचा, जातीनं मांग, आजोबांपासून ख्रिस्ती. दाखल्यावर हिंदू. नाताळला गावी जातो तेव्हा साहेबाला सांगतो, मामाची तब्येत बिघडलीय. दरवर्षी डिसेंबरात मामा आजारी. आपण हसतो. पण हा मामा कुणी आजारी पाडला?

केरळात देविकुलमचे आमदार ए. राजा २०२१ ला राखीव जागेवर निवडून आले. मार्च २०२३ मध्ये हायकोर्टानं निवड रद्द केली, हे तर ख्रिस्ती आहेत म्हणून. पुराव्यात चर्चची नोंदवही आणि लग्नाचे फोटो. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं पुरावा पुरेसा नाही म्हणून निवड परत कायम केली. माणूस सुटला, वाक्य नाही सुटलं. उद्या दुसऱ्याचा अल्बम उघडतील.

आपले कार्यकर्ते मला म्हणतात, अरे, त्यांना आत घेतलं तर आपल्या जागा वाटल्या जातील. मित्रा, घटना नीट वाच. ३३० आणि ३३२ कलमं. राखीव जागा अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात असतात. महाराष्ट्रात विधानसभेच्या २८८ पैकी २९, लोकसभेच्या ४८ पैकी ५. यादीत माणसं वाढली की पुढच्या वाटपात जागांचा हिशोबही वाढतो. नोकरीच्या टक्क्याचा प्रश्न वेगळा आहे, तिथं भांडण खरं आहे, ते उघड भांडू. पण जागांचं नाव पुढं करून धर्माचं दार लावू नका. दुसरा म्हणतो, त्यांच्या धर्मात जात नाहीच, मग सवलत कसली? वा! बौद्ध धर्मात आहे काय? हेच वाक्य चौतीस वर्षं आपल्याला ऐकवलं होतं.

२००७ ला रंगनाथ मिश्रा आयोगानं ही धर्माची अट काढून टाका असं लिहून दिलं. २०२२ ला माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. आयोगावर आयोग. पण वस्तीतल्या आपल्या सभांत यावर एक ठराव मी ऐकला नाही.

उलट काय ऐकतो? राखीव जागेवर चांभार किंवा मांग उमेदवार उभा राहिला की पहिला सवाल, ‘बौद्ध आहे का हिंदू?’ म्हणजे तिसरा परिच्छेद आपणही तोंडपाठ केला, फक्त धर्माचं नाव बदलून. मी असं म्हणत नाही की काहीच विचारू नका. मतदाराला सगळं विचारायचा हक्क आहे. सरकारला नाही. हा फरक धरून ठेवा. ज्यानं आपल्यासमोर बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि निवडणूक लागताच महापूजेला फेटा बांधून बसला, त्याला जाब विचाराच. पण तो देवाचा नाही, दिलेल्या शब्दाचा जाब आहे. बाकीच्यांना विचारा, अ‍ॅट्रॉसिटीची फिर्याद घेत नव्हते त्या रात्री ठाण्यात आमच्याबरोबर कोण बसलं होतं? मसणवट्याच्या जागेच्या मोर्चात कोण होतं? कंत्राटी कामगाराच्या पगारावर विधानसभेत कोण उठलं?

संपादकांना माझी एक मागणी आहे. नगर-जालन्याकडची ख्रिस्ती झालेली महार-मांगांची पोरं लिहितात, मी त्यांच्या वह्या पाहिल्यात. पुढच्या अंकात चार पानं त्यांना द्या. नाव त्यांचं छापायचं की नाही, हे आधी त्यांनाच विचारा. दाखल्याचा प्रश्न आहे.