रेषेतील देह आणि हाडामांसाचा देह : कार्टूनच्या सजीव रूपांतरांविषयी

लहान मुलांसाठी निर्माण झालेल्या कार्टूनमालिका व अ‍ॅनिमेशनपट यांच्यावरून प्रत्यक्ष नटांना घेऊन कौटुंबिक चित्रपट काढण्याची प्रथा गेल्या काही दशकांत चांगलीच रुजली आहे. अशा सजीव रूपांतरांचे मूल्यमापन बहुधा एकाच निकषावर होते : पडद्यावरील व्यक्ती मूळ चित्रातील पात्रासारखी दिसते की नाही. हा निकष अपुरा आहे. कार्टून म्हणजे केवळ विशिष्ट चेहरे व पोशाख नव्हेत; ती संकेतांनी बांधलेली एक सृष्टी असते. तेथे कड्यावरून कोसळलेले पात्र पुढच्याच क्षणी उठून धावू लागते, वर्षे लोटली तरी त्याचे वय वाढत नाही आणि एका घासाने त्याच्या अंगी दहा हत्तींचे बळ येते. रेषेला वजन नसल्यामुळे बालप्रेक्षकाला यात काहीही वावगे वाटत नाही. रेषेच्या जागी हाडामांसाचा देह आला की मात्र वजन, वेदना व वय या तिन्ही गोष्टी अपरिहार्यपणे सोबत येतात. मूळ संकेताचे पुढे काय करायचे, हा रूपांतरकारापुढील खरा प्रश्न होय. प्रस्तुत लेखात चार चित्रपटांच्या आधारे या प्रश्नाची चर्चा केली आहे.

संकेताचा त्याग : ‘द लायन किंग’

डिस्नेच्या १९९४ मधील ‘द लायन किंग’ या अ‍ॅनिमेशनपटाची जॉन फॅव्हरो दिग्दर्शित आवृत्ती २०१९ मध्ये आली. काटेकोरपणे पाहता तिला सजीव चित्रपट म्हणता येत नाही, कारण सुरुवातीचा एक दृश्यखंड वगळता तिच्यातील सर्व दृश्ये संगणकावर निर्माण झालेली आहेत. तरीही तिची गणना याच परंपरेत होते, कारण खऱ्या प्राण्यांचा आभास निर्माण करणे हेच तिचे उद्दिष्ट आहे. या आभासाची किंमत मोठी आहे. मूळ चित्रपटात सिंबाच्या भुवया, ओठ व डोळे माणसाप्रमाणे हलतात. मृत पित्याशेजारी बसलेल्या छाव्याचे दुःख त्या रेषांतूनच प्रेक्षकापर्यंत पोहोचते. खऱ्या सिंहाच्या चेहऱ्याला ही लवचिकता नसते, त्यामुळे नव्या आवृत्तीत शोकाचा सारा भार आवाज व संगीत यांच्यावर पडतो. छोट्या सिंबाच्या राजा होण्याच्या गाण्यात पूर्वी भडक रंगांची उधळण होती आणि प्राण्यांचे मनोरे उभे राहत होते. नव्या चित्रपटात ते गाणे पाणवठ्याभोवतीच्या धावपळीपुरते उरते. जगभरात १६० कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळवणाऱ्या या चित्रपटाला अपयशी म्हणता येणार नाही, हे खरे. परंतु त्या यशाचा मोठा वाटा पालकांच्या स्मृतीला जातो. रूपांतर साधल्याचा तो पुरावा ठरत नाही.

संकेताचे घटनेत रूपांतर : ‘पोपाय’

याच्या अगदी उलट उदाहरण रॉबर्ट आल्टमन यांच्या १९८० मधील ‘पोपाय’चे आहे. १९२९ मध्ये वृत्तपत्रीय चित्रमालिकेत अवतरलेला आणि १९३३ पासून फ्लाइशर बंधूंच्या कार्टूनपटांतून घरोघरी पोहोचलेला हा खलाशी रॉबिन विल्यम्स यांनी साकारला. त्यांच्या हातांना फुगीर कृत्रिम अग्रबाहू चढवले होते, ओठांतल्या ओठांत पुटपुटण्याची मूळ लकबही राखली होती. माल्टा बेटावर या चित्रपटासाठी लाकडी घरांचे एक संपूर्ण गाव उभारण्यात आले. मात्र चित्रपटाचे खरे वैशिष्ट्य पालकाच्या भाजीच्या योजनेत आहे. कार्टूनपटात पोपाय संकटाच्या वेळी पालकाचा डबा उघडतो आणि त्याचे दंड फुगतात. हा ठरलेला परिपाठ आहे. आल्टमन यांच्या पोपायला पालक आवडतच नाही. अखेरीस ब्लूटो त्याच्या तोंडात तो बळजबरीने कोंबतो, तेव्हा कोठे ते सामर्थ्य प्रकटते. सात-आठ मिनिटांच्या कार्टूनमध्ये चालणारी पुनरुक्ती पूर्ण लांबीच्या चित्रपटात जिवंत देहाला पेलली नसती, हे दिग्दर्शकाने ओळखले आणि संकेताला एका घटनेचे रूप दिले. चित्रपटाची गती संथ आहे, त्याचा विनोद अनेकदा विस्कळीत होतो. तथापि रूपांतराचा विचार त्यात निश्चितपणे झालेला आहे.

संकेतातून नाट्य : ‘डोरा’

जेम्स बॉबिन दिग्दर्शित ‘डोरा अँड द लॉस्ट सिटी ऑफ गोल्ड’ (२०१९) याही पुढे जातो. २००० मध्ये सुरू झालेल्या मालिकेतील सात वर्षांची डोरा प्रेक्षकांकडे वळून त्यांना स्पॅनिश शब्द उच्चारायला सांगते आणि उत्तरासाठी क्षणभर थांबते. चित्रपटातील छोटी डोरा जेवणाच्या टेबलावर तेच करते, तेव्हा तिचे आईवडील ती कोणाशी बोलते आहे या विवंचनेत पडतात. पुढे सोळा वर्षांची डोरा जंगलातून लॉस एंजेलिसच्या शाळेत येते. तिचा निर्व्याज उत्साह तेथे चेष्टेचा विषय होतो. कार्टूनचा स्वभाव अंगी असलेली मुलगी खऱ्या जगात एकाकी पडते, हेच येथील नाट्य आहे. उत्तरार्धातील साहसकथा साचेबंद असली, तरी डोराला ‘शहाणे’ करून सोडण्याचा मोह चित्रपट टाळतो, ही त्याची जमेची बाजू होय.

भारतीय संदर्भ : ‘छोटा भीम’

२००८ मध्ये दूरचित्रवाणीवर आलेला ‘छोटा भीम’ महाराष्ट्रातील मुलांनाही चांगलाच परिचित आहे. राजीव चिलका यांनी ‘छोटा भीम अँड द कर्स ऑफ दम्यान’ या २०१२ मधील अ‍ॅनिमेशनपटाचीच कथा २०२४ मध्ये सजीव रूपात आणली. यज्ञ भसीन हा बालकलाकार भीम झाला. अनुपम खेर व मकरंद देशपांडे यांच्यासारखे ज्येष्ठ नट त्यात आहेत. भीमाचा लाडू हा पोपायच्या पालकाचाच सहोदर आहे, त्यामुळे आल्टमन यांच्यापुढील प्रश्न येथेही उभा राहतो : लाडू खाऊन बलवान होणारा मुलगा खरा असेल, तर त्या बळाचा अर्थ काय? संगणकीय दृश्यचमत्कारांनी अशक्य ते दाखवता येते, पण या प्रश्नाचे उत्तर पटकथेतच शोधावे लागते. जुनी कथा जशीच्या तशी नव्या माध्यमात नेल्याने ही संधी संकुचित होते.

मराठी बालरंगभूमीचा अनुभव या संदर्भात उद्बोधक आहे. रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’तील चेटकीण दिलीप प्रभावळकर या पुरुष नटाने रंगवली आणि मुलांनी ती मनापासून स्वीकारली. बालप्रेक्षक हुबेहूबपणाचा आग्रह धरत नाही. खेळाचे नियम त्याला विश्वासाने सांगितले जावेत, एवढीच त्याची अपेक्षा असते.

निष्कर्ष

मूळ कार्टूनशी बाह्य साम्य हा सजीव रूपांतराचा दुय्यम गुण होय. संकेत नाकारला तर भावना निस्तेज होते आणि तो तसाच उचलला तर देह त्याला साथ देत नाही. त्याची नव्याने मांडणी झाली, तरच रूपांतराला स्वतंत्र अस्तित्व लाभते. यामागे एक नैतिक प्रश्नही आहे. असे चित्रपट आजच्या मुलाशी बोलतात की एकेकाळी मूल असलेल्या पालकाशी? तिकीट पालक काढत असल्याने निर्मात्यांचा कल दुसरीकडे झुकणे स्वाभाविक आहे. त्यामुळेच बालचित्रपटाची समीक्षा करताना मुलाच्या बाजूने हा प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते.