दुर्गाची दुबळी बाजू

संत इग्नेशियस लोयोला यांचा ‘आध्यात्मिक साधना’ हा ग्रंथ जो वाचक कादंबरीप्रमाणे एका बैठकीत वाचावयास घेईल, त्याची निराशा ठरलेली आहे. त्यात ना भाषेचे लालित्य, ना कथेचा ओघ. सूचना, नियम आणि मननाचे मुद्दे एवढाच त्याचा ऐवज. आम्हीही प्रथम तो असाच वाचला आणि कंटाळून बाजूस ठेवला. दोष ग्रंथाचा नव्हता; पाककृती वाचून पोट भरले नाही, अशी आमची तक्रार होती. चालणे, धावणे हे जसे शरीराचे व्यायाम, तसे हे आत्म्याचे व्यायाम, असे लेखकाने प्रारंभीच बजावले आहे.

या ग्रंथाचा जन्म विद्यापीठात झाला नाही. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडल्यामुळे इग्नेशियस लोयोलाच्या वाड्यात अंथरुणास खिळून पडले. त्यांनी शौर्यकथा मागितल्या. हाती आले ते ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे. दरबारी मानमरातबाची स्वप्ने रंगविताना त्यांना आनंद होई, पण मागाहून मन कोरडे पडे; संतांच्या वाटेचा विचार मात्र समाधान ठेवून जाई. हा फरक त्यांनी टिपला, तेच या ग्रंथाचे बीज होय. पुढे मान्रेसा येथे ते इतक्या गाढ निराशेतून गेले की, जीव देण्याचा विचारही त्यांच्या मनात आला. १५४८ साली रोम येथे छापल्या गेलेल्या या ग्रंथातील नियमांमागे असा भोगलेला अनुभव आहे.

अंतःकरणातील हालचाली पारखण्याचे हे नियम आम्हांस ग्रंथाचा गाभा वाटतात. मन उजाड झाले असता पूर्वी शांत चित्ताने केलेला निश्चय बदलू नये. उलट प्रार्थना थोडी वाढवावी, असे ते सांगतात. आणि मन प्रसन्न असता पुढे येणाऱ्या उजाड दिवसांचा विचार करून बळ साठवावे. म्हणजे संकटाची तयारी संकटात होत नाही. ती सुखाच्या दिवसांत करावी लागते. संत फ्रान्सिस झेवियर यांनी इग्नेशियस यांच्या मार्गदर्शनाखाली ही साधना केली ती १५३४ साली, पॅरिस येथे; गोव्याच्या किनाऱ्यावर त्यांचे पाऊल पडले ते १५४२ साली.

हा नियम धर्मगुरूंपुरता नाही. वडिलांच्या मागे जमिनीची वाटणी निघते, रुग्णालयातून वाईट बातमी येते, मुलाची नोकरी जाते, आणि त्याच रात्री आपण निर्णय घेऊन मोकळे होतो: यापुढे भावाचा उंबरठा चढणार नाही, यापुढे प्रार्थना नको. आम्हीही एक सख्खे नाते अशाच एका रात्री पत्र लिहून तोडले. सकाळपर्यंत थांबलो असतो, तर ते पत्र लिहिले गेले नसते. ते नाते अद्याप पूर्णपणे सांधलेले नाही.

वैरी एखाद्या सेनापतीप्रमाणे आपल्या दुर्गाभोवती फिरतो आणि जिथे तट दुबळा असेल तिथेच घाव घालतो, असे इग्नेशियस म्हणतात. वसईचे भग्न बुरूज पाहिलेल्या वाचकांस ही उपमा समजावून सांगणे नलगे. १७३९ साली त्या बलाढ्य किल्ल्याचा तटही सुरुंगांनी फोडला गेला. आपला दुबळा बुरूज कोणता, राग की मत्सर, पैसा की मद्य, हे वैऱ्याच्या आधी आपणांस ठाऊक हवे. त्यासाठी एकच दोष निवडून दिवसाच्या रेघेवर चुकांचे ठिपके मांडण्याची रीत या ग्रंथात दिली आहे. वाण्याच्या वहीसारखी ही रीत कोणास रुक्ष वाटेल. आम्हांस ती प्रामाणिक वाटते.

ग्रंथात उणिवा नाहीत असे नव्हे. वैऱ्याचा भित्रेपणा सांगताना त्यास स्त्रीची दिलेली उपमा आजच्या वाचकास खटकेल, आणि खटकावी. घरोघरच्या संघर्षात तट सांभाळून धरणाऱ्या बहुधा माता आणि भगिनीच असतात. दुसरे असे की, सेना, ध्वज, वैरी ही लष्करी भाषा चुकीच्या हाती पडली तर शेजारी अथवा परधर्मीय हाच वैरी ठरण्याचे भय आहे. परंतु तोडगाही येथेच आहे. शेजाऱ्याच्या बोलण्याचा अव्हेर करण्यापेक्षा त्याचा चांगला अर्थ लावण्यास तत्पर असावे, ही अट इग्नेशियस साधनेच्या आरंभीच घालतात. लढाई आहे ती आतली.

उपवासकाळात आपण साधनेस बसतो, डोळे पाणावतात, आणि इस्टरनंतर सारे पूर्ववत होते. हा ग्रंथ वर्षातील तीन दिवस मागत नाही. रोज रात्री दिवा मालविण्यापूर्वीचा थोडा वेळ मागतो. घरात सर्व कुशल आहे, कोणाशी अबोला नाही, अशी एखादी रात्र आज आपल्या वाट्यास आली असेल, तर प्रारंभ करण्यास तीच योग्य होय.